आकाशाचे फोटो: ढग, वीज, इंद्रवज्र आणि नॉर्दर्न लाइट्स – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा तोंडावर आला की ढगांचे आणि विजांचे प्रश्न येतात, सप्टेंबरात इंद्रवज्राचे (धुक्यावर पडलेल्या आपल्या सावलीभोवतीची रंगीत कडी), आणि नॉर्वे-आइसलँडची तिकिटं काढून झाली की ऑरोराचे, म्हणजे नॉर्दर्न लाइट्सचे. बहुतेक जण सेटिंग विचारतात. पण आकाशाच्या बाबतीत सेटिंगच्या आधी दोन गोष्टी ठरतात: सूर्य कुठे आहे आणि तुम्ही कुठे उभे आहात. म्हणून खालच्या उत्तरांत अंश आणि दिशा बऱ्याच येतील. सोपे प्रश्न आधी, अडनिडे नंतर. एखादी गोष्ट दुसरीकडे सांगितली असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. यासाठी नवा कॅमेरा घ्यावा लागेल का? मोबाइलवर भागेल का?

ढग, इंद्रधनुष्य, खळं, सूर्यास्त हे सगळं मोबाइलवर उत्तम भागतं. वीज आणि ऑरोराही अलीकडच्या फोनवर निघतात, पण त्यासाठी फोन हलता कामा नये. त्यामुळे पैसे खर्चायचेच असतील तर पहिला खर्च ट्रायपॉडचा करा. अगदी हलका घेऊ नका, घाटमाथ्यावरच्या वाऱ्यात तो थरथरतो. मधल्या दांड्याला सॅक अडकवली की बराच फरक पडतो.

आकाशगंगेचे, मोठ्या प्रिंटसाठी लागणारे फोटो हवे असतील तर मात्र लेन्स बदलता येणारा कॅमेरा आणि एफ/२.८ किंवा त्याहून उघडी वाइड लेन्स लागते (एफचा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडी). बॉडी जुनी चालेल.

२. समोर ढग इतके सुंदर दिसतात आणि फोटोत पांढरेफटक येतात. असं का?

कॅमेरा जमीन आणि आकाश दोन्ही सांभाळायला बघतो आणि जमिनीच्या बाजूने निकाल देतो. उजळ ढगातला तपशील एकदा जळला की कुठल्याही एडिटिंगने परत येत नाही. गडद राहिलेली जमीन बरीचशी वर काढता येते. म्हणून एक्स्पोजर ढगाच्या सगळ्यात उजळ भागावर धरा. मोबाइलवर त्या भागावर बोट दाबून धरा आणि उजेडाची पट्टी खाली ओढा. कॅमेऱ्यावर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे दोन तृतीयांश ते उणे एकपर्यंत न्या, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला चिकटला नाही ना ते पाहा, आणि फाइल रॉ, म्हणजे सेन्सरची मूळ नोंद तशीच ठेवणारी, निवडा.

उलट तक्रारही येते: भर पावसाळ्यात सगळं आकाश एकसारखं राखाडी असतं आणि फोटो मळकट येतो. तिथे कॅमेऱ्याचा दोष नाही. ढगाला आकारच नसेल तर आकाश फ्रेमच्या वरच्या पाचव्या हिश्श्यात ठेवा आणि ओल्या कातळाचा, भातखाचरांचा फोटो काढा.

३. महाराष्ट्रात ढगांच्या फोटोंसाठी सगळ्यात चांगले दिवस कोणते?

लोक जुलै-ऑगस्ट म्हणतात. माझं मत वेगळं आहे. मुंबईत मोसमी पाऊस पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. त्याआधीचे तीनेक आठवडे आणि नंतर परतीच्या पावसाचे, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर मध्यापर्यंतचे दिवस खरे ढगांचे. या काळात जमीन दुपारपर्यंत तापते, चारच्या सुमारास गडगडाटी ढग उभे वाढत जातात आणि पश्चिमेला सूर्य मोकळा असतो. कडेने उजेड पडलेला असा ढग पंधरा-वीस मिनिटांत डोळ्यांदेखत फुगतो. मराठवाडा आणि विदर्भाच्या सपाटीवरून तो पायथ्यापासून ऐरणीसारख्या पसरट माथ्यापर्यंत सबंध दिसतो. सह्याद्रीत डोंगर आड येतात.

जुलै-ऑगस्टमध्ये आंबोली, ताम्हिणी, माळशेज इथे धुकं आणि खाली उतरलेले ढग मिळतात, ती वेगळी मजा आहे. पावसाने दोन-तीन दिवस उघडीप दिली की लगेच निघा. डिसेंबर-जानेवारीचं स्वच्छ निळं आकाश फोटोत बहुधा रिकामंच दिसतं.

४. ढगांची नावं पाठ असायला हवीत का?

पाठ नको, ओळख हवी. ल्यूक हॉवर्ड या इंग्रज औषधविक्रेत्याने १८०३ साली प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणावरच आजची नावं उभी आहेत. जागतिक हवामान संघटनेच्या ढगांच्या ॲटलासमध्ये २०१७ साली काही नवे प्रकारही घातले गेले. उलटलेल्या समुद्रासारखा लाटालाटांचा ॲस्पेरिटास त्यातलाच. लोकांनी काढलेल्या फोटोंमुळे त्याच्याकडे लक्ष वेधलं गेलं.

फोटोसाठी चार ओळखी पुरतात. सिरस म्हणजे उंचावरचे, पिसांसारखे बर्फकणांचे ढग. सूर्यास्तानंतर सगळ्यात उशिरा रंगतात ते हेच. त्यांचाच पातळ पडदा झाला की सिरोस्ट्रेटस, मग खळं शोधायचं (प्रश्न ८). मेंढरांच्या कळपासारखे अल्टोक्युम्युलस दिसले तर संध्याकाळ मोकळी ठेवा, खालून उजेड पडला की पूर्ण आकाश पेटतं. आणि क्युम्युलोनिम्बस म्हणजे गडगडाटी ढग. त्याचा फोटो लांबूनच (प्रश्न १२).

५. पोलरायझर लावावा का?

पोलरायझर म्हणजे ठरावीक दिशेचाच प्रकाश आत सोडणारा, फिरवता येणारा फिल्टर. लावा, पण सूर्यापासून काटकोनात असलेल्या आकाशासाठी. तिथे निळा गडद होतो आणि पांढरे ढग उठून दिसतात. सूर्य समोर किंवा पाठीशी असेल तर काहीच फरक पडत नाही. २४ मिमीपेक्षा वाइड लेन्सवर आकाशात मधोमध काळपट पट्टा येतो, तो एडिटिंगमध्ये घालवणं कटकटीचं असतं. रात्री तर पोलरायझर, यूव्ही वगैरे सगळे फिल्टर काढून ठेवा.

६. सूर्य बुडाला की निघायचं ना?

चौपाटीवरची गर्दी नेमकी तेव्हाच उठते. उंच ढगांवर सूर्यास्तानंतरही खालून उजेड पडत राहतो, आणि सर्वांत गडद लाल बहुधा दहा ते वीस मिनिटांनी येतो. आपल्या अक्षांशांवर सूर्य सरळ खाली उतरतो, त्यामुळे संधिप्रकाश जेमतेम पाऊण तास कामाचा असतो. लंडन किंवा टोरांटोच्या उन्हाळ्यात राहणाऱ्यांना याहून बराच जास्त वेळ मिळतो.

या वेळात एकदा तरी पूर्वेकडे वळा. क्षितिजालगत करडा-निळा पट्टा आणि त्यावर गुलाबी झाक दिसेल. तो खालचा पट्टा म्हणजे पृथ्वीची स्वतःची सावली. कधी पश्चिमेच्या ढगांतून निघालेले किरण डोक्यावरून जाऊन पूर्वेला एका बिंदूत मिळताना दिसतात. ते प्रत्यक्षात समांतरच असतात. रुळांच्या फोटोत रूळ दूरवर मिळतात, तोच हा भास.

७. इंद्रधनुष्य नेमकं कुठे शोधायचं?

सूर्याकडे पाठ करा. तुमच्या डोक्याची सावली जिथे पडते तो धनुष्याचा मध्य, आणि धनुष्य त्यापासून ४२ अंशांवर. यावरून वेळही ठरते: सूर्य ४२ अंशांपेक्षा वर असेल तर सपाट जमिनीवरून धनुष्य दिसणारच नाही. जुलैत पुण्याच्या आसपास सूर्य साधारण सव्वानऊ ते चार एवढा वेळ त्याहून वर असतो. म्हणजे सकाळी लवकर पश्चिमेला, किंवा चारनंतर पूर्वेला. भर दुपारी पाऊस-ऊन एकत्र आलं तरी वर बघत बसू नका.

संपूर्ण कमान एका फ्रेममध्ये हवी तर फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) २० मिमी किंवा त्याहून वाइड लेन्स लागते. मोबाइलची अल्ट्रावाइड चालते. बाहेरचं दुसरं फिकट धनुष्य ५१ अंशांच्या आसपास असतं, त्यातले रंग उलट्या क्रमाने असतात, आणि दोन धनुष्यांमधलं आकाश आजूबाजूपेक्षा गडद दिसतं. धनुष्याचा प्रकाश ध्रुवीकृत असतो, म्हणून पोलरायझर फिरवत गेलात तर एका जागी रंग झळाळतात आणि पुढे काटकोनात फिरवला की तेच रंग गायब होतात. लावून विसरला असाल तर धनुष्य का येत नाही ते कळतच नाही.

८. सूर्याभोवती गोल कडं दिसलं. ते काय आणि फोटो कसा काढू?

ते खळं. उंच ढगांतल्या षट्कोनी बर्फकणांतून प्रकाश वळतो आणि सूर्यापासून २२ अंशांवर वर्तुळ उमटतं. भर एप्रिलच्या उकाड्यातही ते दिसतं, कारण त्या उंचीवर पाणी गोठलेलंच असतं. हात पूर्ण लांब करून पंजा फाकवला तर अंगठ्यापासून करंगळीपर्यंत साधारण तेवढंच अंतर भरतं. अंगठा सूर्यावर धरून बघा, करंगळीशी कडं असेल तर खळंच. चंद्राचंही असंच मोजा. चंद्राला अगदी चिकटून रंगीत तबकडी दिसते ते खळं नव्हे. ते पाण्याच्या बारीक थेंबांमुळे होणारं तेजोवलय.

फोटोसाठी सूर्य खांबाच्या, नारळाच्या झावळीच्या किंवा मंदिराच्या कळसाच्या आड घ्या, एक्स्पोजर कमी करा. पूर्ण वर्तुळाला २४ मिमी पुरते. दोन्ही बाजूंना सूर्याच्याच उंचीवर रंगीत ठिपके उजळले असतील तर ते प्रतिसूर्य. सूर्य खाली असताना ते जास्त ठळक असतात.

९. हरिश्चंद्रगडावर गेलो तर इंद्रवज्र नक्की दिसेल का?

नक्की काहीच नाही. तीन गोष्टी एकाच वेळी जमाव्या लागतात: पाठीमागे मोकळा सूर्य, समोर आणि खाली दरीत भरलेलं धुकं, आणि तुमची सावली त्या धुक्यावर पडेल असा कडा. कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून सरळ तुटलेला आहे, म्हणून तिथे सकाळ हवी. दुपारनंतर सूर्य समोर येतो, संधी संपते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दरीत ढग आणि वर ऊन हे जास्त जुळतं. जुलैत धुकं असतं पण सूर्य नसतो, जानेवारीत उलट.

कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने हरिश्चंद्रगडावरून पाहिलेल्या वर्तुळाकार इंद्रधनुष्याची नोंद दख्खनच्या हवामानावरच्या आपल्या निबंधात केली. १८३५ हे सर्रास सांगितलं जाणारं साल तो निबंध छापून आल्याचं आहे.

जागेचा हट्ट मात्र सोडा. नाणेघाटासारखा पश्चिमेला तुटलेला कुठलाही कडा सकाळी चालतो, पूर्वेला तुटलेला संध्याकाळी. आणि कोकणकड्याच्या टोकावर ट्रायपॉड रोवू नका. कडा आत वळलेला आहे, पायाखाली काय आहे ते वरून दिसत नाही. पालथं झोपून काढलेला फोटो तितकाच चांगला येतो.

१०. मग इंद्रवज्र आणि गोल इंद्रधनुष्य एकच का? आणि मित्र शेजारी उभा असूनही त्याच्या सावलीभोवती कडं का आलं नाही?

एक नव्हे. इंद्रवज्राची कडी लहान असतात, डोक्याच्या सावलीला लागून अवघ्या काही अंशांत, आणि ती धुक्याच्या अगदी बारीक थेंबांमुळे उमटतात. वर्तुळाकार इंद्रधनुष्याला पावसाचे मोठे थेंब लागतात आणि त्याची त्रिज्या तीच ४२ अंश (प्रश्न ७). कड्यावरून खाली बघताना जमीन आड येत नाही म्हणून ते पुरं दिसू शकतं. इंद्रवज्राला ५० किंवा ७० मिमी लेन्स छान बसते, दुसऱ्याला फिशआय.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं की कडी नेहमी बघणाऱ्याच्या डोळ्याभोवतीच असतात. तुम्हाला तुमच्या डोक्याभोवती दिसतात, मित्राला त्याच्या. फोटोत ती लेन्सच्या सावलीभोवती येतात. त्यामुळे कॅमेरा छातीशी धरलात तर कड्यांचा मध्य सावलीच्या छातीवर पडेल. दहा जण ओळीने उभे राहून प्रत्येकाभोवती वेगळं कडं असलेला फोटो कुणी दाखवला तर तो जोडकाम आहे.

११. वीज फोटोत पकडायची कशी? दर वेळी बटण दाबेपर्यंत संपते.

रात्री तिच्या मागे धावायचंच नाही. ट्रायपॉड, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ते २००, एफ/८, शटर १५ ते २० सेकंद, फोकस मॅन्युअलवर (प्रश्न १४), आणि एकामागून एक फ्रेम घेत राहायचं. शटर उघडं असताना वीज चमकली की ती आलीच. वीज जवळची, फार उजळ असेल तर एफ/११, क्षितिजावरची असेल तर एफ/५.६. शहराच्या दिव्यांनी फ्रेम पिवळी होत असेल तर शटर कमी करा.

दिवसाउजेडी हे चालत नाही. तिथे लाइटनिंग ट्रिगर (चमक होताच शटर उडवणारं उपकरण) लावा, नाहीतर मोबाइलवर फोरके व्हिडिओ घेऊन त्यातली फ्रेम काढा. अशा फ्रेममध्ये कधी कधी वरचा अर्धा भाग पांढरा आणि खालचा काळा येतो. फोन बिघडलेला नसतो. सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो आणि वीज त्या वाचनाच्या मध्येच चमकून जाते.

बऱ्याच फ्रेममधल्या विजा एकावर एक चढवून एकच फोटो करायला हरकत नाही. फक्त तसं खाली लिहा.

१२. विजेचे फोटो काढताना किती अंतर सुरक्षित?

चमक आणि गडगडाट यांच्यातले सेकंद मोजा, तीनने भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला, म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, तर उघड्यावरून उठायचं. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास परत बाहेर यायचं नाही. डोक्यावर पाऊस नाही म्हणून आपण सुरक्षित, असं समजू नका. गडगडाटी ढगापासून दहा-पंधरा किलोमीटर दूर, निळ्या आकाशाखालीही वीज पडू शकते.

महाराष्ट्रात दर वर्षी वीज पडून माणसं मरतात, त्यांत शेतात आणि झाडाखाली थांबलेले बरेच असतात. गडाचा माथा, पठार, पाझर तलावाचा बांध, एकटं झाड, पत्र्याची उघडी शेड या सगळ्या जागा फोटोला उत्तम आणि जिवाला वाईट. पक्क्या इमारतीच्या आतून, खिडकीतून काढा. किंवा काचा बंद केलेल्या, पत्र्याच्या टपाच्या गाडीतून. त्यात विजेचा प्रवाह बाहेरच्या पत्र्यावरून जमिनीत जातो. रबरी टायरचा त्यात काही वाटा नसतो, त्यामुळे दुचाकीवर तो दिलासा नाही. अंगावरचे केस उभे राहायला लागले तर ट्रायपॉड तिथेच सोडून पळा.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने केलेलं ‘दामिनी’ ॲप जवळपासच्या विजा दाखवतं. निघायच्या आधी ते उघडायची सवय लावून घ्या.

१३. कोकणात लेन्सला बुरशी लागते. उपाय?

कॅमेरा सॅकमध्ये बंद करून कपाटात ठेवू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेल टाका, पुड्यांचा रंग बदलला की वाळवून परत वापरा. शक्य असेल तर ड्राय कॅबिनेट घेऊन आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवा. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे कॅमेरा वापरणं. ओला झाला असेल तर आधी कोरड्या कापडाने टिपा, मग लेन्स काढा.

१४. रात्रीचे सगळे फोटो धूसर येतात. फोकस कशावर करू?

ऑटोफोकस बंद करा. स्क्रीनवर एखादा ठळक तारा किंवा दूरचा दिवा दहापट मोठा करून बघा आणि तो सर्वांत बारीक ठिपका होईपर्यंत रिंग फिरवा. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका, पुष्कळ लेन्स तिच्याही पलीकडे फिरतात. जमलं की रिंगवर चिकटपट्टी लावा. मोबाइलवर प्रो मोडमध्ये फोकसची पट्टी डोंगराच्या चिन्हापर्यंत न्यायची.

१५. आकाशगंगा महाराष्ट्रातून कधी आणि कुठून दिसते? तारे रेघांसारखे का येतात?

तिचा उजळ मध्यभाग धनू राशीत आहे. मार्चमध्ये तो पहाटे तीनच्या पुढे, मेमध्ये रात्री अकरानंतर वर येतो. जून ते सप्टेंबर पाऊस नेतो. ऑक्टोबरात अंधार पडताच तो नैऋत्येला सापडतो. इथे आपण नशीबवान आहोत: पुण्याहून तो ४० अंशांच्या वर चढतो, लंडनहून जेमतेम दहा. अमावास्येच्या आगेमागे जा. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. लडाखमधलं हान्ले तर याहून वरच्या दर्जाचं, पण तिथवर जावं लागतं.

रेघा पृथ्वी फिरते म्हणून येतात. ५०० ला लेन्सच्या मिमीने भागा, तेवढे सेकंद ही कमाल मर्यादा. २० मिमीला २५ सेकंद. हल्लीच्या जास्त मेगापिक्सेलच्या सेन्सरवर ३०० ने भागलेलं बरं. आयएसओ ३२०० पासून सुरुवात करा.

१६. फोटोत एक लांब रेघ आली आहे. उल्का का?

एकाच फ्रेममध्ये असेल, दोन्ही टोकांना निमुळती आणि मध्ये उजळ असेल, तर बहुधा उल्का. सलग चार-पाच फ्रेममध्ये पुढे सरकत असेल तर उपग्रह. लुकलुकत्या ठिपक्यांची असेल तर विमान. एकामागोमाग माळेसारखे चालणारे दिवे म्हणजे नुकतेच सोडलेले स्टारलिंक उपग्रह.

एक अपवाद विदर्भातल्या लोकांना माहीत आहे. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांतून जळत जाणारे तुकडे दिसले आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ लाडबोरी गावात धातूचं मोठं कडं येऊन पडलं. ते चिनी रॉकेटचे अवशेष असल्याचं तज्ज्ञांनी सांगितलं. उल्का एक-दोन सेकंदांत संपते. असा कचरा सावकाश, तुकडे होत, आकाशभर जातो. ठरवून उल्का हव्या असतील तर १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतल्या उल्कावर्षावाची वाट बघा. ऑगस्टमधला ययाती तारकासमूहातला उल्कावर्षाव आपल्याकडे जवळजवळ दर वर्षी ढगांत जातो.

१७. भारतातून ऑरोरा दिसतो का?

क्वचित, आणि मुख्यतः कॅमेऱ्याला. १० मे २०२४ च्या रात्री सूर्यावरून आलेल्या जबरदस्त वादळाच्या वेळी हान्लेहून उत्तर क्षितिजावर लाल झाक टिपली गेली. लालच का? ऑक्सिजनचा हिरवा प्रकाश साधारण १०० ते १५० किलोमीटर उंचीवर निर्माण होतो, लाल त्याच्या वर, २०० किलोमीटरच्या पलीकडे. लडाख इतकं दक्षिणेला आहे की पृथ्वीच्या गोलाईआडून त्या पडद्याचा फक्त वरचा काठ डोकावतो.

महाराष्ट्रातून? ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री मुंबईहून ऑरोरा दिसल्याची नोंद आहे. १८५९ च्या प्रसिद्ध सौरवादळाची चुंबकीय नोंद तर कुलाब्याच्या वेधशाळेत झाली आणि आजही अभ्यासक ती वापरतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून ती चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली. थोडक्यात, अशक्य नाही, पण त्यासाठी रजा टाकू नका. कोकणातून काढलेल्या फोटोत हिरवा उजेड असेल तर आधी एलईडी लावून मासेमारी करणाऱ्या नौका तिकडे आहेत का ते बघा.

१८. नॉर्दर्न लाइट्ससाठी कुठे आणि कधी जावं?

नॉर्वेतलं ट्रोम्सो, स्वीडनमधलं अबिस्को, फिनलंडमधलं रोव्हानिएमी आणि त्याच्या उत्तरेचा भाग, आइसलँड, कॅनडातलं यलोनाइफ, अलास्कातलं फेअरबँक्स. ऑगस्टअखेर ते एप्रिलचा पूर्वार्ध एवढाच काळ. मे महिन्याच्या सुट्टीत जाऊ का, हा प्रश्न दर वर्षी येतो. नाही. तेव्हा तिथे रात्रच नीट होत नाही.

निवड करताना ऑरोरापेक्षा ढगांचा विचार जास्त करा. आइसलँड देखणा आहे, पण तिथलं आकाश बेभरवशाचं. अबिस्को डोंगरांच्या आडोशाला असल्यामुळे बरंच कोरडं राहतं. यलोनाइफमध्ये आकाश मोकळं, पण उणे तीसची थंडी सहन करावी लागते. सप्टेंबर-ऑक्टोबर आणि मार्च मला सर्वांत व्यवहार्य वाटतात: विषुवदिनांच्या आसपास चुंबकीय हालचाल जास्त असते आणि थंडी जिवावरची नसते. एकाच रात्रीचा कार्यक्रम ठेवणारी सहल घेऊ नका. किमान चार रात्री उत्तरेला राहा. चंद्राची फार चिंता नको. अर्धा चंद्र बर्फाच्छादित डोंगर उजळतो, फोटोला तो मदतच करतो.

१९. ऑरोरासाठी सेटिंग काय ठेवू?

एफ/२.८ किंवा त्याहून उघडं, आयएसओ १६०० ते ३२००, व्हाइट बॅलन्स ३५०० ते ४५०० केल्विनमध्ये एका जागी पक्का. शटर मात्र ऑरोराच्या चालीवर. मंद, स्थिर कमान असेल तर १० ते १५ सेकंद. पडदे हलू लागले की १ ते ४, नाहीतर सगळ्या घड्या मिसळून हिरवा लगदा होतो. मोबाइलवर नाइट मोड, ३ ते १० सेकंद, टायमर लावून. स्क्रीनचा उजेड कमीत कमी ठेवा: अंधारात काळवंडलेला फोटोही लख्ख दिसतो आणि घरी आल्यावर निराशा होते.

बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. हॉटेलात शिरण्याआधी कार्ड काढून घ्या आणि कॅमेरा पिशवीत घट्ट बंद करा. दोनेक तास उघडू नका. बाष्प पिशवीवर धरतं, लेन्सवर नाही.

२०. ॲपवर केपी ५ दाखवत होतं, तरी काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी केपी २ होतं तर आकाश भरलं!

केपी हा चुंबकीय हालचालीचा, तीन तासांचा, साऱ्या पृथ्वीचा मिळून आकडा आहे. तुमच्या डोक्यावर या क्षणी काय चाललंय ते तो सांगत नाही. ट्रोम्सो तर ऑरोराच्या पट्ट्याखालीच आहे, तिथे १ किंवा २ पुरतो. त्यापेक्षा बीझेड हा आकडा बघा, म्हणजे सौरवाऱ्यासोबत येणाऱ्या चुंबकीय क्षेत्राची उत्तर-दक्षिण दिशा. तो बराच वेळ ऋण राहिला की दार उघडतं. ही मोजमापं पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किलोमीटरवरच्या एल-१ बिंदूपाशी असलेल्या यानांकडून येतात, म्हणून साधारण अर्ध्या ते एक तासाची आगाऊ सूचना मिळते. आपलं आदित्य एल-१ जानेवारी २०२४ पासून त्याच बिंदूभोवती फिरतं आहे.

२१. डोळ्यांना राखाडी दिसत होतं आणि फोटोत गर्द हिरवं आलं. मग हे फोटो खोटे असतात का?

खोटे नव्हे, वेगळे. मंद उजेडात आपल्या डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या पेशी जवळजवळ गप्प असतात आणि कॅमेरा दहा सेकंदांचा प्रकाश एकत्र साठवतो. ऑरोरा जोरात आला की डोळ्यांनाही हिरवा स्पष्ट दिसतो, खालच्या कडेचा गुलाबीसुद्धा. खोटेपणा पुढे सुरू होतो, सॅच्युरेशनची पट्टी टोकाला नेल्यावर. तारेही हिरवे दिसायला लागले की समजा, हात जास्त पडला.

२२. आकाश बदललेला फोटो ओळखायचा कसा?

कोनांवरून. इंद्रधनुष्य असेल तर जमिनीवरच्या सावल्या त्याच्या मध्याकडे जायला हव्यात, धनुष्य आणि सूर्य एकाच बाजूला असूच शकत नाहीत. चंद्राचा व्यास अर्धा अंश: २४ मिमीच्या, सहा हजार पिक्सेल रुंद फोटोत तो पस्तीस-चाळीस पिक्सेलच भरतो. डोंगराएवढा चंद्र आणि पुढे अख्खं गाव वाइडमध्ये, म्हणजे दोन फोटो. तलावातलं प्रतिबिंब वरच्या ढगांशी जुळतं का तेही बघा. घाईत ते बदलायचं राहून जातं.

२३. सूर्याच्या फोटोत हिरवा ठिपका आला. दुसरा सूर्य, ग्रह की आणखी काही?

लेन्सच्या आतल्या भिंगांमधलं परावर्तन. फोटोच्या मध्यबिंदूतून सूर्यापासून सरळ रेघ ओढा, ठिपका बहुधा बरोबर समोर, तितक्याच अंतरावर सापडेल. फोन किंचित हलवला की तोही उलट दिशेने पळतो.

२४. ग्रहणाचा फोटो एक्स-रे फिल्ममधून चालेल का?

नाही. डोळ्यासाठीही नाही, कॅमेऱ्यासाठीही नाही. प्रमाणित सोलर फिल्टर लेन्सच्या पुढे लावा, मागे नव्हे. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून टेलिफोटोने सूर्य पाहू नका, ग्रहण असो वा नसो.

२५. ब्रिटनमध्ये जूनच्या रात्री उत्तरेला चमकणारे रुपेरी-निळे ढग दिसले. ऑरोरा होता का?

ते निशादीप्त ढग, ८० किलोमीटरच्या वरचे. पन्नास ते पासष्ट अंश अक्षांशांत मेअखेर ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत, सूर्यास्तानंतर दीड-दोन तासांनी दिसतात. त्यांना बारीक लहरींची वीण असते आणि ते ऑरोरासारखे झपाट्याने हलत नाहीत. आयएसओ ४००, एफ/४, दोन ते पाच सेकंद. भारतातून दिसायची आशा नको.

२६. विमानातून ढगांचे फोटो काढायला कुठली सीट घेऊ?

पंखाच्या पुढची, आणि सूर्याच्या विरुद्ध बाजूची. सकाळच्या मुंबई-दिल्ली विमानात डावी बाजू. खाली ढगांचा थर असेल तर त्यावर विमानाची सावली शोधा, तिच्याभोवती बहुधा रंगीत कडी असतात (प्रश्न १०). कड्यांच्या मध्यावरून विमानात तुम्ही कुठे बसला आहात तेही कळतं. पोलरायझर काढा, खिडकीच्या प्लास्टिकमधले ताण त्यात इंद्रधनुषी डागांसारखे उमटतात. लेन्स खिडकीच्या जवळ न्या, पण टेकवू नका, नाहीतर इंजिनाची थरथर फोटोत उतरते. कडेने जाकीट लावून आतला उजेड अडवा.